फ्रान्सच्या ग्रामीण भागात शांत रस्त्यांचा सायकलमार्ग कसा आखावा

फ्रान्समध्ये सायकल चालवायला जाणाऱ्यांच्या आखणीत एक चूक वारंवार दिसते. आधी पाहण्याची ठिकाणे ठरतात, त्यांच्या जवळची हॉटेले आरक्षित होतात आणि शेवटी ही ठिकाणे एखाद्या ॲपमध्ये ओळीने टाकून मार्ग काढला जातो. ॲपने दिलेला मार्ग चुकीचा नसतो, पण त्यातला मोठा भाग मालवाहू ट्रकांच्या सोबतीने कापावा लागतो. दोन किलोमीटर बाजूला त्याच दिशेने जाणारा, तासाभरात चार-पाच मोटारी दिसतील असा रस्ता होता, हे परतल्यावर नकाशा उघडला की कळते.

रस्ता शांत असतो तो बहुतेक वेळा शेजारचा दुसरा रस्ता त्याची वाहतूक ओढून घेतो म्हणून. त्यामुळे शोध शांत रस्त्यापासून सुरू करू नये, गर्दीच्या रस्त्यापासून करावा. पुढचे सगळे टप्पे याच क्रमावर बेतलेले आहेत, आणि क्रम बदलला की आखणी बिघडते. उदाहरणासाठी दक्षिण बर्गंडीतला सोन-ए-ल्वार हा जिल्हा घेतला आहे, त्यातही शालाँ-सुर-सोन आणि माकाँ या दोन शहरांमधला पट्टा. रेल्वे, द्राक्षमळे, नदीकाठ आणि बेताचे चढ इथे एकत्र मिळतात आणि शिकण्यासारखे सगळे सापळेही इथेच आहेत.

टप्पा १ : आधी गर्दीचे रस्ते ओळखून बाजूला काढा

फ्रान्समध्ये रस्त्याच्या क्रमांकाआधी अक्षर असते. ‘ए’ म्हणजे मोटारमार्ग, त्यावर सायकलला पूर्ण बंदी आहे. ‘एन’ म्हणजे राष्ट्रीय मार्ग. त्यावर सायकल सर्वत्र बंद नसते, पण शक्यतो तिकडे फिरकू नये. ‘डी’ म्हणजे जिल्हा परिषदेच्या ताब्यातले रस्ते आणि त्यांच्याखाली गावांचे रस्ते. आपला मार्ग मुख्यतः ‘डी’ आणि गावरस्त्यांवरून जायचा असतो. रस्त्यावरच्या पाट्यांवर ‘ए’ आणि ‘एन’चा क्रमांक लाल चौकटीत, ‘डी’चा पिवळ्या चौकटीत आणि गावरस्त्याचा पांढऱ्या चौकटीत असतो, त्यामुळे चौकात उभे राहूनही हा फरक कळतो.

इथवर बहुतेकांना माहीत असते. चूक पुढे होते. ‘डी’च्या क्रमांकात जितके आकडे जास्त तितका रस्ता लहान, असा समज सायकलस्वारांमध्ये पक्का आहे आणि सर्वसाधारणपणे तो खराही आहे. मात्र २००६ च्या सुमारास राष्ट्रीय मार्गांचा मोठा हिस्सा जिल्ह्यांकडे सोपवला गेला आणि जुन्या ‘एन’ रस्त्यांना तीन किंवा चार आकडी ‘डी’ क्रमांक मिळाले. शालाँहून माकाँकडे जाणारा जुना ‘एन ६’ इथे ‘डी ९०६’ झाला, तर साव्हॉय भागात तोच मार्ग ‘डी १००६’ या क्रमांकाने ओळखला जातो. इझेर जिल्ह्यातला ‘एन ७५’ आता ‘डी १०७५’ आहे आणि काओरच्या परिसरातला ‘एन २०’ ‘डी ८२०’ झाला आहे. क्रमांक लहानशा गल्लीचा वाटतो, वाहतूक मात्र महामार्गाची असते.

*तपासणी :* तीन वा चार आकडी ‘डी’ क्रमांकाच्या शेवटी जुन्या राष्ट्रीय मार्गाचा क्रमांक डोकावतो का ते पाहावे. शिवाय तो रस्ता दोन मोठ्या शहरांना थेट जोडत असेल, तर तो जुना राष्ट्रीय मार्ग आहे असेच धरून चालावे.

आपल्या पट्ट्यात हे काम दहा मिनिटांचे आहे. उत्तर-दक्षिण जाणारा ‘ए ६’ मोटारमार्ग आणि त्याला जवळपास समांतर ‘डी ९०६’ हे पूर्वेला, सोन नदीच्या बाजूला आहेत. पश्चिमेला ब्युसीहून कॉर्मातँमार्गे क्लुनीकडे येणारा ‘डी ९८१’ हा स्थानिक वाहतुकीचा मुख्य रस्ता आहे. दक्षिणेला क्लुनीच्या खालून माकाँकडे जाणारा ‘एन ७९’ देशाच्या पूर्व-पश्चिम मालवाहतुकीचा मार्ग असून त्यावर ट्रकांची रांग तुटत नाही. हे सगळे रस्ते छापील नकाशावर जाड लाल पेनाने ओढावेत. उरलेल्या कोऱ्या जागेत आपला मार्ग बसवायचा आहे.

यासाठी पडद्यापेक्षा कागद बरा, कारण पडद्यावर शंभर किलोमीटरचा पट्टा आणि गावाची गल्ली एकाच वेळी दिसत नाहीत. मिशलँ या कंपनीचे १:१,५०,००० किंवा १:२,००,००० प्रमाणाचे नकाशे पुरेसे आहेत. त्यांत मुख्य रस्ते लाल, दुय्यम पिवळे आणि लहान पांढरे असतात. आपल्याला पांढरे हवेत, नाइलाज झाला तर पिवळे. रस्त्याच्या कडेला हिरवी पट्टी असेल तर तो निसर्गरम्य मानलेला रस्ता असतो, आणि नवखे लोक नेमके त्यालाच भुलतात. ही पट्टी मोटारवाल्यांना आणि मोटरसायकलींच्या टोळक्यांनाही दिसते. सुट्टीच्या दिवशी दुपारी हिरव्या पट्टीच्या रस्त्यापेक्षा शेजारचा साधा पांढरा रस्ता केव्हाही शांत.

बऱ्याच जिल्हा परिषदा आपल्या रस्त्यांवरची रोजची सरासरी वाहनसंख्या नकाशावर प्रसिद्ध करतात. हा नकाशा मिळाला तर अंदाज बांधण्याची गरजच उरत नाही. दिवसाला हजारापेक्षा कमी वाहने हा माझा निकष आहे. दोन हजारांपर्यंतचा तुकडा लहान असेल तर चालवून घेता येतो. त्याच्या वर गेल्यास मार्गच बदलावा.

टप्पा २ : मुक्कामाचे गाव ठरवा, पण आता

भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसाच्या अर्जासोबत मुक्कामाची आरक्षणे आणि प्रवासाचा आराखडा द्यावा लागतो. त्या घाईत हॉटेल आधी ठरते आणि मग मार्ग त्या हॉटेलाला बांधला जातो. म्हणून पहिला टप्पा अर्जाच्या आधी उरकावा. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच. तो घेताना सायकलवरचा अपघात त्यात धरला आहे का, हे अटींमध्ये वाचून घ्यावे. दिवसाकाठी मुक्काम बदलणाऱ्या सहलीपेक्षा एकाच गावात तळ ठोकून रोज वेगळा फेरा मारणे पहिल्या खेपेला जास्त सोयीचे पडते. सामान लादून फिरावे लागत नाही आणि पावसाचा दिवस सहज सोडून देता येतो.

तळाच्या गावाला तीन गोष्टी असाव्यात: प्रादेशिक रेल्वेचे स्थानक, सोमवारी उघडे असणारे निदान एक दुकान, आणि गावातून बाहेर पडणारे तीन-चार लहान रस्ते. तूर्न्यू हे सोनकाठचे गाव या कसोटीला उतरते. दिजाँ, शालाँ, माकाँ आणि ल्याँ यांना जोडणारी प्रादेशिक गाडी तिथे थांबते, त्यामुळे पॅरिसमध्ये किंवा ल्याँमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींनाही शनिवार-रविवारी ते गाठता येते.

‘अक्युई व्हेलो’ ही मान्यता असलेल्या निवासांमध्ये सायकल ठेवायला बंदिस्त जागा आणि दुरुस्तीची साधी साधने असतात. ती पाटी नसलेल्या ठिकाणी सायकल रात्री कुठे ठेवणार, हे आरक्षणाआधी लेखी विचारून घ्यावे.

*सावधान :* पॅरिसहून वेगवान गाडीने येणाऱ्यांनी स्थानकाचे नाव नीट वाचावे. माकाँ-लोशे हे वेगवान गाडीचे स्थानक शहराबाहेर काही किलोमीटरवर आहे. प्रादेशिक गाड्या शहरातल्या माकाँ-व्हिल स्थानकातून सुटतात. या दोन स्थानकांमधली जोडगाडी आपोआप मिळेल, असे धरू नये.

रेल्वेत सायकल नेण्याचे नियम गाडीनुसार बदलतात. प्रादेशिक गाडीत उभी सायकल साधारणपणे विनाशुल्क नेता येते, पण जागा मोजक्या असतात आणि काही मार्गांवर उन्हाळ्यात आरक्षण लागते. वेगवान गाडीत चाके काढून १३० × ९० सेंटिमीटरच्या आत बसणाऱ्या पिशवीत भरलेली सायकल सामान म्हणून चालते. उभी न्यायची असेल तर तशी सोय असलेल्या गाडीत तिचे वेगळे तिकीट काढावे लागते. पॅरिसच्या मेट्रोत मात्र सायकल जवळपास कुठेच चालत नाही. उपनगरी आरईआर गाड्यांत गर्दीची वेळ टाळून ती नेता येते.

टप्पा ३ : पांढरे तुकडे जोडून फेरा बांधा

आता लाल रेघांच्या मधली जागा घ्यावी आणि गावागावांना जोडत पुढे जावे. तूर्न्यूहून निघणारा एक पूर्ण फेरा इथे देतो. त्याची एकूण लांबी सुमारे ९५ किलोमीटर आहे.

पहिला तुकडा तूर्न्यू ते कॉर्मातँ, सुमारे २५ किलोमीटर, ‘डी १४’ वरून. तूर्न्यू गावातून ‘डी ९०६’ जातो आणि पुढे ‘ए ६’ आहे. हे दोन्ही मागे टाकल्याशिवाय पश्चिमेला सरकता येत नाही, म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटे गोंगाटाची असणार हे गृहीत धरावे. ओझने गावानंतर चित्र पालटते. मार्ताय्यीपासून ब्राँसियाँच्या खिंडीपर्यंत चढ आहे. खिंड साडेतीनशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, म्हणजे सिंहगड चढणाऱ्याला तिची धास्ती वाटू नये. खिंडीपलीकडे उतार जंगलातून जातो आणि शापेझच्या चर्चचा उंच मनोरा बराच आधी दिसू लागतो. ‘डी १४’ हा अगदी निर्मनुष्य रस्ता नव्हे. तूर्न्यूहून कॉर्मातँला जाणाऱ्या मोटारी याच रस्त्याने येतात. शापेझच्या आधी-नंतर दोन्ही बाजूंना फुटणारे गावरस्ते वापरले तर अंतर थोडे वाढते आणि शांतता बरीच.

दुसरा तुकडा कॉर्मातँ ते क्लुनी, सुमारे १३ किलोमीटर, ‘व्ह्वा व्हेर्त’ म्हणजे हरितमार्गावरून. झिव्री ते क्लुनी हा ४४ किलोमीटरचा मार्ग जुन्या रेल्वेच्या जागेवर १९९७ मध्ये झाला आणि फ्रान्समधला पहिला हरितमार्ग म्हणून तो ओळखला जातो. शेजारून ‘डी ९८१’ जातो आणि मोटारींची गर्दी तोच घेतो. पहिल्या टप्प्यात सांगितलेले तत्त्व इथे उघड दिसते.

तिसरा तुकडा क्लुनी ते माकाँ, वीस-पंचवीस किलोमीटर, हरितमार्गाच्याच पुढच्या भागावरून. क्लुनीच्या दक्षिणेला ब्वा-क्लेरचा रेल्वेबोगदा लागतो. त्याची लांबी सुमारे १,६०० मीटर आहे आणि आत बाहेरच्यापेक्षा बरेच गार असते, त्यामुळे घामाने भिजलेल्या अंगावर पातळ जॅकेट चढवूनच आत शिरावे. हिवाळ्यात वटवाघळांच्या निवाऱ्यासाठी तो बंद ठेवतात आणि मग टेकडी चढून पलीकडे जावे लागते. पुढे शार्ने-ले-माकाँनंतर नदीपर्यंतचे अंतर शहरी रस्त्यांवरून कापावे लागते, त्यासाठी घाई नसलेली अर्धी घटका राखून ठेवावी.

चौथा तुकडा माकाँ ते तूर्न्यू, तीस-पस्तीस किलोमीटर, ‘व्ह्वा ब्ल्यू’ या सोनकाठच्या सायकलमार्गाने. तो सपाट आहे, पण वारा उत्तरेकडून असेल तर हा शेवटचा तुकडा चढापेक्षा जास्त दमवतो. कंटाळा आला तर माकाँ-व्हिलहून प्रादेशिक गाडी पकडून तूर्न्यूला परतावे.

*सावधान :* सोनला हिवाळ्यात आणि वसंतात पूर येतो आणि काठाचा मार्ग पाण्याखाली जातो. निघण्याआधी ‘व्हिजिक्र्यू’ या सरकारी पूरसूचना सेवेवर सोनची पातळी पाहावी.

हरितमार्ग दिसला की सगळा फेरा त्यावरूनच न्यावा, असा मोह होतो. रस्त्यावरच्या सायकलस्वाराने तो आवरावा. हे मार्ग पादचारी, स्केटवाले आणि लहान मुले यांच्याशी वाटून घ्यायचे असतात, प्रत्येक रस्त्याच्या छेदाशी अडसर किंवा खांब असतात आणि तिथे थांबून रस्त्यावरच्या वाहनांना वाट द्यावी लागते. जुनी रेल्वे सरळ आणि सपाट असते, त्यामुळे दृश्य तेच तेच वाटू लागते. रविवारी दुपारी तिथे ताशी १५ किलोमीटरच्या वर जाणे असभ्यपणाचे ठरते. हरितमार्ग गर्दीच्या रस्त्याला वळसा घालण्यापुरता वापरावा, बाकीचा दिवस लहान ‘डी’ रस्त्यांवर काढावा.

टप्पा ४ : ॲपवर मार्ग तपासा

ॲपचे काम आता सुरू होते, आणि ते तपासणीचे आहे. कागदावरचा फेरा कोमूट, राइड विथ जीपीएस किंवा तत्सम साधनात हाताने ओढावा आणि पुढील गोष्टी या क्रमाने पाहाव्यात.

१. पृष्ठभाग. ॲप अनेकदा शेतातल्या कच्च्या वाटेला रस्ता समजते. ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेल्या सायकल नकाशात अशा वाटा तुटक रेघेने दिसतात. शंका असेल तिथे फ्रान्सच्या सरकारी नकाशास्थळावर विमानातून घेतलेले छायाचित्र पाहावे.

२. चढ. ॲपने दिलेली एकूण चढाई फार उपयोगाची नाही, सर्वांत तीव्र किलोमीटर कोणता ते शोधावे. मिशलँच्या नकाशावर चढाची खूण बाणांनी असते: एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३ आणि तीन म्हणजे त्याहून जास्त. बाणाचे टोक चढाच्या दिशेला असते. हे उलट वाचले की चढ असलेल्या जागी उतार गृहीत धरला जातो.

३. छेद. आपला लहान रस्ता जिथे लाल रस्त्याला मिळतो, तो प्रत्येक बिंदू रस्त्यावरून घेतलेल्या छायाचित्रांत पाहावा. सरळ ओलांडता येते की लाल रस्त्यावरून दोनशे मीटर जावे लागते, हे आधी कळलेले बरे.

४. सुटकेचे बिंदू. दर ३० किलोमीटरच्या आसपास एखादे रेल्वेस्थानक किंवा मोठे गाव मार्गापासून जवळ असावे.

*तपासणी :* मार्ग फोनमध्ये इंटरनेटशिवाय उघडतो का, हे विमानस्थिती चालू करून घरीच पाहावे. दऱ्यांमध्ये नेटवर्क जाते. रस्त्यांच्या क्रमांकांवर विसंबून चालणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की जिल्ह्याची हद्द ओलांडली की त्याच रस्त्याचा क्रमांक पुष्कळदा बदलतो. म्हणून हँडलबारवरच्या चिठ्ठीवर क्रमांकांऐवजी गावांची नावे क्रमाने लिहावीत.

टप्पा ५ : दिवस आणि तास निवडा

तोच रस्ता सकाळी आठला आणि दुपारी एकला दोन वेगळे रस्ते असावेत तसा वागतो. शहराभोवतीच्या पंधरा-वीस किलोमीटरच्या परिघात कामावर जाण्या-येण्याची गर्दी साधारण साडेसात ते नऊ आणि साडेचार ते साडेसहा या वेळांत असते. दुपारी साडेबारा ते दोन मात्र ग्रामीण फ्रान्स जेवायला बसलेला असतो आणि त्या वेळी रस्ते सर्वांत रिकामे असतात. गर्दीच्या रस्त्यावरचा जो तुकडा टाळता येत नाही, तो याच वेळेत येईल असे वेळापत्रक करावे. रविवार सकाळ तशीच उत्तम. शनिवारी रात्री १० ते रविवारी रात्री १० या काळात साडेसात टनांपेक्षा जड मालवाहू ट्रकांना सर्वसाधारण बंदी असते.

या निवडीची किंमत पोटाला मोजावी लागते. दुपारी दुकाने बंद असतात, उपाहारगृहे दीडच्या सुमारास जेवण देणे थांबवतात, रविवारी दुपारनंतर बहुतेक सगळे बंद होते आणि सोमवारी लहान गावांतली कित्येक दुकाने उघडतच नाहीत. त्यामुळे दुपारचे खाणे सकाळीच बेकरीतून विकत घेऊन पाठीवर ठेवावे. शाकाहारी मंडळींनी बेकरीतल्या किश या भाजलेल्या खाऱ्या पदार्थाकडे पाहून निर्धास्त होऊ नये. लोरेन पद्धतीच्या किशमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. चीज घातलेला पाव, फळे आणि सुका मेवा हा खात्रीचा डबा.

पाण्यासाठी गावाचे कब्रस्तान शोधावे. फाटकाच्या आत झाडांना पाणी घालण्यासाठी नळ असतो, आणि हा थांबा तिथल्या सायकलस्वारांच्या पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडला आहे. नळावर पिण्यास अयोग्य असल्याची पाटी असेल तर बाटली भरू नये. ती पाटी कशी दिसते त्याचे चित्र फोनमध्ये ठेवावे आणि पाटीच नसेल तर कुणाला तरी विचारावे. आत शिरताना सायकल बाहेर टेकवावी आणि आवाज आवरावा.

ऋतू म्हणून मे, जून आणि सप्टेंबर सर्वांत बरे. मे महिन्यात १ आणि ८ तारखेला सुट्टी असते, शिवाय असेन्शन या ख्रिस्ती सणाचा गुरुवार बहुधा मेमध्येच येतो. त्या आठवड्यांत प्रादेशिक गाड्यांतल्या सायकलींच्या जागा पटकन भरतात. सप्टेंबरात द्राक्षतोडणी चालू असते, त्यामुळे मळ्यांतल्या अरुंद रस्त्यांवर ट्रॅक्टर आणि सांडलेला चिखल दोन्ही भेटतात. जुलै-ऑगस्टमध्ये जायचेच असेल तर ‘मेतेओ-फ्राँस’चा उष्णतेचा इशारा रोज पाहावा. तो नारिंगी असेल तर सकाळी अकराच्या आत फेरा संपवावा, लालला सायकल काढूच नये.

टप्पा ६ : सायकल आणि अंगावरच्या वस्तू

भाड्याची सायकल घेणाऱ्यांनी सर्वांत आधी ब्रेक पाहावेत. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, फ्रान्समध्ये तो डाव्या हाताला असतो. सपाटीवर हा फरक जाणवत नाही. ब्राँसियाँच्या उतारावर अचानक काही आडवे आले की हात जुन्या सवयीने दाबला जातो, आणि मागचा समजून दाबलेला ब्रेक पुढचा निघतो. ताब्यात घेतल्यावर रिकाम्या मैदानात अर्धा तास फक्त थांबण्याचा सराव करावा, किंवा दुकानदाराला तारा बदलून मागाव्यात.

टायर २८ ते ३२ मिलिमीटरचे असावेत. लहान ‘डी’ रस्त्यांचा पृष्ठभाग खरखरीत असतो आणि बारीक टायरवर तो मनगटांना झोंबतो.

कायद्याने सायकलला घंटी आणि पुढे, मागे, बाजूंना व पेडलवर परावर्तक लागतात. अंधारात किंवा धुक्यात पुढचा आणि मागचा दिवाही. वस्तीबाहेर रात्री वा दृश्यमानता कमी असताना परावर्तक जाकीट सक्तीचे आहे. ते दिवसाही अंगावर असू द्यावे. १२ वर्षांखालील मुलांना हेल्मेट सक्तीचे आहे, मोठ्यांना नाही, पण म्हणून ते घरी ठेवण्याचे कारण नाही. कानात इअरफोन घालून सायकल चालवण्यास मनाई आहे. मद्याची मोटारचालकांना लागू असलेली ०.५ ग्रॅम प्रतिलिटर ही रक्तातली मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे, आणि बर्गंडीच्या मळ्यांतून फिरताना ही गोष्ट प्रत्येक गावात आठवावी लागते.

टप्पा ७ : रस्त्यावर उतरल्यानंतर

उजव्या बाजूने चालवायचे हे सगळ्यांना ठाऊक असते आणि पहिल्या दिवशी ते पाळलेही जाते. चूक होते ती थांबल्यानंतर पुन्हा निघताना, विशेषतः रिकाम्या रस्त्यावर, जिथे चुकीची बाजू दाखवून द्यायला दुसरे वाहनच नसते. पाणी प्यायला थांबायचे तर नेहमी उजव्या कडेलाच थांबावे, म्हणजे निघतानाही बाजू तीच राहते. डावे वळण आता समोरच्या वाहतुकीला छेदून घ्यायचे असते, हेही विसरू नये.

उजवीकडून येणाऱ्याचा हक्क हा नियम सर्वांत धोक्याचा. चौकात कोणतीही खूण नसेल तर उजव्या हाताच्या रस्त्याने येणाऱ्याला वाट द्यावी लागते, मग तो रस्ता कितीही किरकोळ दिसो. लहान गावात दोन दगडी भिंतींच्या मधून एक बोळ मुख्य रस्त्याला मिळतो. भिंतीमुळे आतले काही दिसत नाही आणि पांढरी व्हॅन त्यातून न थांबता बाहेर येते. तिच्या चालकाचे काहीही चुकलेले नसते. गावाच्या नावाची लाल किनारीची पाटी दिसली की वेग कमी करावा आणि प्रत्येक उजव्या बोळाशी ब्रेकवर बोटे असावीत. पिवळ्या चौकोनाची, टोकावर उभी केलेली पाटी असेल तर हक्क आपला. तीच पाटी काळ्या तिरप्या रेघेने छेदलेली दिसली की तो हक्क तिथे संपला. त्रिकोणात काळी फुली म्हणजे पुढच्या चौकात उजवीकडच्याला वाट द्यायची.

*तपासणी :* सायकलच्या चित्राची गोल निळी पाटी म्हणजे शेजारचा सायकलमार्ग वापरणे बंधनकारक, चौकोनी निळी म्हणजे ऐच्छिक. मोटारीच्या चित्राची चौकोनी निळी पाटी दिसली तर तो रस्ता फक्त मोटारींसाठी आहे, तिथून मागे फिरावे.

वस्तीबाहेर दोन्ही दिशांच्या साध्या रस्त्यांवर मोटारींची वेगमर्यादा जुलै २०१८ पासून ताशी ८० किलोमीटर आहे, पण काही जिल्ह्यांनी काही रस्त्यांवर पुन्हा ९० केली आहे. सायकलला मागे टाकताना मोटारीने वस्तीत १ मीटर आणि वस्तीबाहेर दीड मीटर अंतर ठेवावे, असा नियम आहे. तो बऱ्यापैकी पाळला जातो, अट एवढीच की सायकलस्वाराने रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून जाऊ नये. कडेला चिकटले की चालकाला वाटते, एवढ्या जागेतून निघून जाता येईल. जोडीने समांतर चालवण्यास दिवसा परवानगी आहे, मागून वाहन आले की एकामागे एक व्हावे.

आपल्याकडे बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करणाऱ्यांना महामार्गाच्या रुंद खांद्यावरून (कडेच्या पट्टीवरून) तासन्‌तास चालवण्याची सवय असते. मोठ्या रस्त्याला खांदा आहे म्हणजे तो सुरक्षित, हा हिशोब फ्रान्समध्ये लावू नये. तिथल्या जुन्या राष्ट्रीय मार्गांवर खांदा मध्येच संपतो.

टप्पा ८ : वाट बंद झाली तर

उन्हाळ्यात लहान रस्त्यांवर डांबर शिंपडून त्यावर बारीक खडी पसरतात आणि ती दाबण्याचे काम जाणाऱ्या-येणाऱ्या मोटारींवर सोडतात. काही दिवस चाकोरीत खडी बसलेली असते, पण दोन चाकोऱ्यांच्या मध्ये आणि वळणाच्या बाहेरच्या कडेला तिचा सैल थर साचतो. खडीची सूचना देणारी त्रिकोणी पाटी दिसली की वळणाआधीच वेग कमी करावा, चाकोरीतून जावे आणि वळणात ब्रेक लावू नये.

रस्ता बंद असल्याची पाटी सायकलसाठी नेहमीच अखेरची नसते. रस्त्यावर फक्त खोदकाम असेल तर सायकल उचलून पलीकडे जाता येते आणि तोवर तो रस्ता मोटारींविना आपल्याला मिळतो. पूल काढलेला असेल तर मात्र दहा किलोमीटर उलटे यावे लागते. पाटीशी पोहोचल्यावर नकाशात पुढे ओढा, कालवा किंवा रेल्वेमार्ग आडवा आहे का ते पाहावे. आडवा असेल तर सरळ वळणमार्ग धरावा, नसेल तर पहिल्या घरापाशी विचारावे. कामगार जागेवर असतील आणि त्यांनी नको म्हटले, तर हुज्जत न घालता परतावे.

मोटारींसाठी लावलेला वळणमार्ग बहुतेकदा आपण पहिल्या टप्प्यात लाल पेनाने काढलेल्या रस्त्यावर नेऊन सोडतो. शिवाय ज्या रस्त्याची वाहतूक तिकडे वळवली आहे, तिची भर त्यात पडलेली असते. म्हणून पाट्यांच्या मागे न जाता कागदी नकाशा उघडावा आणि बंद तुकड्याच्या दोन्ही बाजूंचे पांढरे रस्ते आधी शोधावेत. अपघात झाला तर ११२ हा क्रमांक फिरवावा, आणि ठिकाण सांगताना शेवटी ओलांडलेल्या गावाचे नाव, रस्त्याचा क्रमांक व कडेच्या किलोमीटर दगडावरचा आकडा सांगावा. ‘डी’ रस्त्यांवर या दगडाचा माथा पिवळा असतो.